स्कॉट्स 'टून' : शहर की वाडी?

वाटसरू: स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशायरकडच्या, स्कॉट्स भाषेतल्या एका कथेचं भाषांतर करतोय. त्यात शेतगडी संध्याकाळी 'टून'ला परततो, मी सरळ 'शहरात परतला' लिहून टाकलं, पण पुढे तिथे गोठा, खळं नि चारदोन घरंच निघाली. मराठीत काय घ्यावं?

अनघा_के: शहर नकोच! तिकडे टून म्हणजे शेत आणि त्याला लागून असलेली घरं, 'फर्मटून'. चारसहा कुटुंबं मिळून जमीन कसायची, पट्टे आपसात वाटून घ्यायची, त्या पद्धतीला रनरिग म्हणत. चर्चपाशी वसलेली ती कर्कटून, गिरणीपाशी ती मिलटून. व्यापाराचे हक्क असलेलं गाव म्हणजे 'बर्ग', ते १२व्या शतकात डेव्हिड पहिला या राजाने वसवायला घेतले.

जोशीबुवा: टून, गावांच्या नावांशेवटी येणारं '-टन', टाऊन हे सगळं आपलं 'स्थान'च आहे. उगाच लांब कशाला जायचं?

अनघा_के: नाही हो बुवा, 'स्थान'चे इंग्रजीतले नातलग स्टँड आणि स्टेड. टूनचं मूळ कुंपण, आवार. जर्मनमध्ये त्साउन म्हणजे आजही कुंपण, आणि डचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ झाला बाग. जुना उच्चारही 'टून'च होता, इंग्रजांनी त्याचं टाऊन केलं, स्कॉट्सने जुना स्वर धरून ठेवला, तसंच हाऊसचं हूस.

रत्नांग्रीकर: अहो मग ही आमची वाडीच की! घरांची वस्ती तीही वाडी, नारळ-पोफळीची बाग तीही वाडी, आणि मूळ संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. बिनधास्त वाडी लिहा.

मृण्मयी: अजिबात नको. वाडी म्हटलं की लाल माती नि माड दिसतात, स्कॉटलंड गेलंच. टूनच ठेवा, वाचक दोन पानांत सरावतो.

रत्नांग्रीकर: म्हणजे मराठी शब्द असताना परका लादायचा? मग भाषांतर करायचंच कशाला?

लोकलप्रवासी: पण कर्कॉडीला 'लँग टून' म्हणतात, लांबलचक हमरस्त्यामुळे. ते काही शेत नाही, चांगलं मोठं गाव आहे. आमच्याकडे अंधेरीचा माणूस 'टाऊनला जातो' म्हणतो तेव्हा त्याला फोर्ट-चर्चगेटच म्हणायचं असतं. कोण कुठे उभं राहून बोलतंय त्यावर आहे सगळं.

जोशीबुवा: बरं, पण बर्ग म्हणजे 'पुर' एवढं तरी माना.

अनघा_के: पुरचा भाऊ ग्रीक 'पोलिस', म्हणजे नगर. बर्ग वेगळा. आणि कृपा करून एडिनबर्ग लिहू नका कोणी, एडिनबरा!

मृण्मयी: मराठी पेपरात वर्षानुवर्षं एडिनबर्ग छापलंय, तेच रूढ आहे.

अनघा_के: रूढ असलं म्हणून बरोबर होतं का? तिथला माणूस स्वतःच्या गावाला काय म्हणतो ते बघा ना आधी.