शैलीचा शिक्का कशाला?

मुलगा 'व्हिज्युअल लर्नर' (म्हणजे पाहून शिकणारा) आहे, म्हणून त्याला पाढे म्हणायला न लावता नुसते तक्ते दाखवायचे, हे काही मला पटत नाही. पाहून, ऐकून, वाचून-लिहून, करून ही शिकण्याच्या शैलींची वर्गवारी न्यूझीलंडचे शिक्षक नील फ्लेमिंग यांनी १९९२च्या सुमारास मांडली. पुढे २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तर शैलीनुसार शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावाच सापडला नाही. मुलांच्या आवडीनिवडी असतात, त्याबद्दल वाद नाही.

माझी लेक दुसरीत असताना 'त्रेसष्ट' म्हटलं की हमखास ३६ लिहायची. यात कसली आलीय शैली? मराठीत आधी तीन ऐकू येतात, मग साठ. (बालभारतीने २०१९ मध्ये 'साठ तीन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला तरी त्यात तथ्य वाटलं.) आम्ही काडेपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे रबरबँडने बांधले, तीन सुट्या ठेवल्या. तिने मोठ्याने मोजलं, मग पाटीवर लिहिलं. म्हणजे डोळे, कान, हात सगळंच आलं.

पाठांतराचं म्हणाल तर तक्ता झाकून विचारा. आज, परवा, मग आठवड्याने. आठवताना मूल अडखळलं तरी लगेच सांगू नका, जरा थांबा. आमच्याकडे हे पोळ्या लाटताना चालायचं. 'सात आठे?' विचारलं की लेक ओट्यावरच्या पिठात बोटाने ५६ काढायची.