मित्रासोबत तीन रात्री मोठ्या आवाजात : कान कसे सांभाळायचे?

साखळीचा तबलजी
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मिळणार नाही.

मी गोव्यात साखळीला तबला शिकवतो. वय ३९. घरच्या पडवीत सकाळ-संध्याकाळ मुलं येतात, आणि सणासुदीला भजनी मंडळांची साथ असते. माझा शाळेपासूनचा मित्र पुण्याला असतो. त्याने डिसेंबरअखेरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या महोत्सवाचे दोन पास काढलेत. तीन दिवस, बार्देशात समुद्राजवळच्या पठारावर, उघड्या मैदानात, दुपारपासून रात्री दहापर्यंत. मला विचारलं नाही. थेट पासांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘चैत्रीसारखं जागूया.’

लहानपणी आम्ही दोघं इथल्या विठ्ठलापुरात चैत्रीच्या उत्सवात वीरभद्राचा नाच बघायला पहाटेपर्यंत जागायचो. दोघांत एक चादर. जो आधी डुलकी घेईल त्याला दुसरा चिमटा काढायचा. गेल्या श्रावणात त्याची आई गेली. त्यानंतर त्याने स्वतःहून काही ठरवल्याचं हे पहिलंच. त्यामुळे ‘नाही’ म्हणायचा प्रश्न येत नाही. मला जायचंच आहे.

अडचण कानांची आहे. चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी स्पीकरच्या भिंतीला लागून दोन तास उभा होतो. घरी आलो तो कानात शिट्टी घेऊन. दुसऱ्या दिवशी शिकवणी होती. तबला काळी एक या पट्टीला लावायला बसलो आणि चाटेवर, म्हणजे कडेवर, ‘ना’ मारला, तर शिट्टी आणि तो सूर एकमेकांत मिसळायला लागले. हातोडी हातात धरून मी तबल्याच्या कडेच्या गजऱ्याची सोळा घरं फिरलो, तरी लागलाय की नाही ते कळेना. शेवटी एक तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘सर, चढलाय.’ तिसऱ्या दिवशी शिट्टी गेली. पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही. माझं पोट कानावर आहे.

तेव्हा विचारायचं ते असं. तीन दिवस रोज सहा-सात तास असा आवाज झेपतो का? कानात काय घालावं? उभं कुठे राहावं? आणि रात्री परत कसं यावं, कारण मित्र थोडी घेणार आणि भाड्याच्या दुचाकीवर बसायचा हट्ट धरणार, हे मला आत्ताच माहीत आहे.

कानतपासणी, म्हापसा
दादा, मी ऑडिओमेट्रीचं काम करते. तुमच्यासारखे लोक कार्यक्रमानंतर येतात, तुम्ही आधी विचारताय हे फार बरं वाटलं.

हिशेब समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप सुचेल. कामाच्या जागी आवाजाची जी मर्यादा आम्ही धरतो ती ८५ डेसिबलला ८ तास. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. मोठ्या मंचासमोर १०० डेसिबल सहज असतो, पुढे त्याहून जास्त. म्हणजे उघड्या कानांनी तुमचा दिवसाचा कोटा पाऊण गाणं-दोन गाणी होईतो संपतो.

आतल्या कानात ज्या केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. तुमची शिट्टी तिसऱ्या दिवशी गेली म्हणजे बऱ्याचशा पेशी थकून सावरल्या. सगळ्याच सावरल्या असं मात्र समजू नका. म्हणून जाण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. आत्ताचा आलेख हाताशी असला की नंतर तुलना करता येते.

कानात घालायला संगीतकारांसाठीचे प्लग घ्या. फोमचे पिवळे-केशरी प्लग वरचे सूर जास्त कापतात, खालचे कमी, त्यामुळे सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं होतं आणि माणूस कंटाळून ते काढून टाकतो. संगीतकारांच्या प्लगमध्ये फिल्टर असतो. तो १५ ते २० डेसिबल जवळजवळ सारखेच कमी करतो, सुराचा रंग राहतो. पाकिटावरचा आकडा प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही, कारण प्लग नीट बसत नाही. कानाची वरची कड वर आणि मागे ओढून मग प्लग आत सरकवा. घरी दोन दिवस घालून सराव करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक काढलंय. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, प्रेक्षकांना प्लग उपलब्ध आणि विश्रांतीसाठी शांत जागा असं आहे. मैदानात शांत जागा नसेल तर तुम्हीच शोधा. तासाला दहा-पंधरा मिनिटं तिथे जा.

एक गोष्ट गंभीरपणे. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, किंवा शिट्टी एक-दोन दिवसांत उतरली नाही, तर थांबू नका. अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, कान-नाक-घशाचा विभाग आहे.

कन्सोलवाला
मी १४ वर्षं साउंड करतो, नाटकापासून अशा मैदानापर्यंत. उभं कुठे राहायचं त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

मैदानाच्या मधोमध एक तंबू किंवा चौथरा असतो, तिथे मिक्सर, म्हणजेच कन्सोल, घेऊन आम्ही बसतो. सगळा आवाज आम्ही तिथून ऐकून जुळवतो, तेव्हा त्या चौथऱ्याच्या जवळपास जे ऐकू येतं तेच कलाकाराला ऐकवायचं असतं. पुढच्या कठड्याला लागून जे उभे असतात त्यांच्यासमोर जमिनीवर सबवूफर, म्हणजे खालच्या सुरांचे स्पीकर, रांगेने मांडलेले असतात. तिथे पोटात धडधड होते, बाकीचं गाणं डोक्यावरून जातं. टांगलेले स्पीकर तर लांबच्या लोकांकडे वळवलेले असतात.

उघड्यावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. टांगलेल्या लांब माळेत तेवढा पडत नाही, तरी मागे सरकण्याचा फायदा होतोच. मागच्या बाजूला खांबांवर आणखी स्पीकर असतील तर त्यांच्या अगदी पुढे बसू नका. लोकांना वाटतं मागे आलो म्हणजे सुटलो, आणि ते नेमके त्या खांबाच्या तोंडी खाणं मांडून बसतात.

तबलजी आहात म्हणून सांगतो, ऐकण्यासारखं बरंच आहे. बहुतेक ठेका चार मात्रांचा, मिनिटाला १२० ते १३० च्या आसपास. मोजत राहा, मजा येईल.

आसगावची
मी त्या पठारापासून दोन किलोमीटरवर राहते. तिन्ही दिवस आमच्या कपाटातली ताटं वाजतात. कायद्याने निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, एवढंच. हे सांगते कारण माझी सासू ८१ वर्षांची आहे आणि त्या तीन दिवसांत ती दुपारी झोपत नाही. तुम्ही या, गाणं ऐका, मला राग नाही. फक्त बाहेर पडताना घरांसमोर भोंगे वाजवू नका आणि गाड्या आमच्या फाटकात लावू नका.

आता परतीचं. दहा वाजता सगळं मैदान एकदम बाहेर पडतं. रस्ते अरुंद, एका बाजूला घरांचे गडगे. वीस मिनिटं आधी निघा, नाहीतर आत पाणी पीत तासभर बसा. रात्री अकराला म्हापसा स्टँडवर साखळीची बस मिळेल अशा भरवशावर राहू नका. भाडं ठरवून गाडी आधीच सांगून ठेवा, चालकाचा नंबर कागदावर लिहून घ्या, कारण गर्दीत नेटवर्क जातं आणि फोनही संपतो. म्हापशात खोली घेतलीत तर सगळ्यात उत्तम.

आणि दुचाकीचं नावच काढू नका. रक्तात दारूचं प्रमाण १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. पोलीस आल्कोमीटर घेऊन उभे असतात, आणि नसले तरी त्या वळणांवर दरवर्षी काय होतं ते आम्ही बघतो. मित्राला पहिल्या दिवशी दुपारीच, त्याने ग्लास उचलायच्या आधी, सांगा. रात्री सांगून ऐकत नाहीत.

साखळीचा तबलजी
तिघांचेही मनापासून आभार. तपासणी करून घेतली. उजव्या कानाच्या आलेखात अगदी वरच्या पट्टीला थोडा खड्डा निघाला, म्हणजे तिथे ऐकू कमी येतं. कळल्यावर रात्रभर झोप नव्हती, पण प्लगच्या दोन जोड्या तेव्हाच मागवल्या, एक त्याच्यासाठी. एक शंका : प्लग घालून मित्राशी बोलायचं कसं? दर वेळी काढला तर काय उपयोग?

कानतपासणी, म्हापसा
काढू नका. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलात तर त्याच्या कानाला स्पीकरइतकाच त्रास. बोलायचं असेल तर दोघं शांत जागी जा.

साखळीचा तबलजी
परत आलो. आज २ जानेवारी. आधी न लिहिण्याचं कारण, ३१ ला घरी झोपलो तो १ तारखेला दुपारी उठलो.

दुचाकीचं मी त्याला बसस्टँडवरच सांगितलं, बॅग खाली ठेवायच्या आधी. म्हटलं, तुझ्या आईच्या तेराव्याला मी तुझ्या शेजारी बसलो होतो, आता मला तुझ्यासाठी पुन्हा तसं बसायचं नाही. तो काही बोलला नाही. म्हापशात खोली घेतली, तिन्ही रात्री एकच टॅक्सीवाला ठरवला.

पहिला दिवस माझा वाया गेला म्हणायला हरकत नाही. प्लग नीट बसला नव्हता, डाव्या कानात आवाज घुसत होता, मी कान ओढून पुन्हा पुन्हा बसवत राहिलो आणि मित्र पुढे कठड्याला. तांबड्या धुळीने नाक भरलं. दुसऱ्या दिवसापासून नाकावर ओला पंचा बांधला, तो उपाय नक्की करा.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र मी त्याला ओढून कन्सोलच्या चौथऱ्याच्या उजव्या अंगाला आणलं. सूर्य समुद्रात उतरत होता, आणि तिथे पहिल्यांदा मला ते संगीत ऐकू आलं. चार मात्रांचा ठेका, चारदा मिळून सोळा. मी मनात तीनताल धरला : धा धिं धिं धा. आठ आवर्तनं झाली, आवाज चढत गेला, ढोल काढून घेतला, फक्त टाळ्यांसारखं काहीतरी दुपटीत, मग चौपटीत, आणि अचानक शांतता. अर्धी मात्रा. मग सगळं एकदम खाली आलं ते बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर. मी मांडीवर ‘धा’ मारला. मित्र बघतच राहिला. म्हणाला, ‘तुला आधीच कसं कळलं?’ पुढचा तासभर मी त्याच्या हातावर मात्रा मोजत होतो, आणि चौथ्या-पाचव्या वेळी त्याने स्वतः सम पकडली. शाळेत असताना तो तबला शिकायला आठ दिवस आला होता आणि सोडून गेला होता.

तासाला एकदा आम्ही मागे, पाण्याच्या टाक्यांपलीकडे एक काजूचं झाड होतं तिथे जाऊन बसायचो. थंडी बरी होती, गवतावर दंव पडायला लागलं होतं. तिथे प्लग काढून तो आईबद्दल बोलला. शेवटचे महिने कसे गेले, तिला पेज कोण भरवायचं, ते सगळं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोनवर दोन वर्षं तो ‘बरं आहे’ एवढंच म्हणत आला होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही साडेनऊला निघालो. आसगावच्या ताई, तुमच्या रस्त्याने भोंगा न वाजवता गेलो.

आता ज्यासाठी विचारलं ते. काल संध्याकाळी शिकवणी घेतली. तबला काळी एकला लावला, पेटीवर सा धरून. घरं फिरायला दुसरी फेरी लागली नाही. कानात शिट्टी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आलेख काढायला म्हापशाला येतोय.

मित्राच्या उजव्या कानात मात्र थोडी शिट्टी आहे. पहिल्या रात्री त्याने प्लग खिशात ठेवला होता, हे त्याने परतताना कबूल केलं. आजचा दिवस बघतो. उतरली नाही तर उद्या सकाळी पुण्यात डॉक्टरकडे जायचं असं त्याने कबूल केलंय, आणि मी साडेनऊला फोन करणार आहे.