चर्चा : महिन्याच्या वनलायनर पुस्तिका आता बाजूला ठेवा

धानपट्टा, सिंदेवाही

आमच्या गावची स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत भरते. धानाचा रोवणा आटोपला की जागा पुरत नाही. सकाळी सहा ते आठ, डोकं ताजं असतं तेव्हा, जवळपास प्रत्येकाच्या हातात चालू घडामोडींची मासिक वनलायनर पुस्तिका असते, एका ओळीत एक माहिती. कोण कुठला अध्यक्ष झाला, कुठल्या दिनाची थीम काय, कुठला लष्करी सराव कोणत्या देशासोबत झाला. मी स्वतः चार वर्षं हेच केलं आणि आज ठामपणे सांगतो, हे बंद करा.

लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) संयुक्त पूर्व परीक्षेला १०० प्रश्नांत चालू घडामोडींचे साधारण १५ येतात आणि उत्तर चुकलं की पाव गुण कापतात. पुस्तिकेत महिन्याला शेकडो ओळी. आठ-दहा महिन्यांपूर्वीचं अर्धवट आठवतं, आणि अर्धवट आठवणंच नडतं. दोन पर्यायांत अडकतो, एक ठोकून देतो, पाव गुण जातो. अजिबात आठवत नसतं तर प्रश्न सोडला तरी असता.

परवा पोट्ट्यांना विचारलं, २०२५-२६ चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलमागे किती? सगळे एका सुरात, २३६९. शिफारस कोण करतं? दोघांनी सांगितलं. मंजुरी कोण देतं? उसाला हमीभाव न म्हणता एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, काहून म्हणतात? कोणी बोललं नाही. ह्यातल्या बहुतेकांचे बाप धान खरेदी केंद्रावर पोती लावून बसतात. कृषी खर्च व मूल्य आयोग, केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती, १९६५ सालापासूनचा हमीभावाचा इतिहास, हे एकदा बसलं की दरवर्षी फक्त आकडा बदलायचा. लोकसेवा आयोग विधानं देऊन विचारतो. तिथे आकडा एकटा काय कामाचा?

कापूसवाली, दारव्हा

भाऊ, तुमचं म्हणणं आयोगाच्या पेपरापुरतं खरं आहे. सरळसेवेत, म्हणजे तलाठी, पोलीस अशा थेट भरतीत, ते चालत नाही.

मी २०२३ ची तलाठी भरती दिली. १०० प्रश्न, २०० गुण, सामान्य ज्ञानाचे २५. चुकलं तरी गुण कापत नव्हते. प्रश्न सरळ, उत्तर सरळ, पुढे चला. ४६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज होते. तिथे एका प्रश्नाने माणूस कितीतरी जणांच्या मागे पडतो. मला तारलं ते वनलायनरनेच.

आणि वाचायला वेळ कुठे होता? दिवाळीनंतर मी वेचणीला जायची. रात्री पुस्तिकेतल्या ओळी स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आणि दिवसभर वावरात कापूस वेचत ऐकायच्या. अग्रलेख असा ऐकून लक्षात राहत नाही. ओळ राहते.

ग्राउंडवाला, आरमोरी

ताईशी सहमत. पोलीस भरतीत ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० गुणांचं, लेखी १०० ची. माझे ग्राउंडला ४६ होते. लेखीत चालू घडामोडींचे चार चुकले आणि दोन गुणांनी यादीबाहेर राहिलो. चारही पुस्तिकेत होते, मी नंतर काढून पाहिले.

निवृत्त गुरुजी, मोर्शी

मी सिंदेवाहीच्या धानपट्टा यांच्या मताचा, पण माझं कारण वेगळं आहे.

आपल्या अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले. पुस्तिकेत ओळ आली, "५२ वे सरन्यायाधीश". मुलांनी पाठ केली. मी विचारलं, सहा महिन्यांतच ते निवृत्त कसे झाले? एका मुलीने जन्मतारीख शोधली, २४ नोव्हेंबर १९६०. मग संविधानाचं कलम १२४ उघडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची निवृत्ती ६५ व्या वर्षी, म्हणून २३ नोव्हेंबर २०२५ हा त्यांचा शेवटचा दिवस. उच्च न्यायालयात किती? ६२. ते कलम २१७ मध्ये सापडलं. एका बातमीत राज्यघटनेचे तीन प्रश्न झाले, आणि ती मुलगी ते विसरणार नाही, कारण तिने ते स्वतः शोधलं.

आमच्या मुलांची वही अशी असते : डाव्या पानावर बातमी, उजव्या पानावर तिचं मूळ. उजवं पान कोरं राहिलं तर ती बातमी वाचलीच नाही असं समजायचं.

कापूसवाली, दारव्हा

गुरुजी, तुमच्यासारखा माणूस किती गावांत आहे? उजव्या पानावर काय लिहायचं ते आम्हाला सांगणार कोण? आमच्याकडे पेपर एसटीने येतो, तोही गाडी आली तर. पुस्तिका बसस्टँडवर मिळते आणि परवडते. तिला नावं ठेवणं सोपं आहे, तिच्या जागी दुसरं काही देणं अवघड.

धानपट्टा, सिंदेवाही

ताई, तुमचा हा मुद्दा मला लागला. सरळसेवेपुरती मी माघार घेतो. पण एकच पोरगं दोन्ही परीक्षा देतं, आणि सरळसेवेची सवय घेऊन आयोगाच्या पेपरात मार खातं, हे मी डोळ्यांनी पाहतो.

तुम्ही वेचत होता त्या कापसाचंच घ्या. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. वनलायनर एवढाच. पण हा काळ नेमका आपला कापूस घरात यायचा. बाहेरचा कापूस गिरण्यांना स्वस्त पडला की बाजारातला भाव हमीभावाच्या, म्हणजे लांब धाग्याला ८११० च्या, खाली जायची भीती. मग शेतकरी सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राकडे वळतो. शुल्क, भाव, सरकारी खरेदी, हे तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, तुमच्या घरात रोज त्याची चर्चा होते. शहरातल्या मुलाला ते पुस्तकातून घ्यावं लागतं. आपल्या हातातलं हेच काय ते जास्तीचं, आणि पुस्तिका तेच गाळते.

कापूसवाली, दारव्हा

घरात चर्चा होते ती उधारीची. शुल्काचं नाव आमच्या बाबांनी कधी काढलं नाही.

आणखी एक सांगते, हे पोरींनाच कळेल. मला घरच्यांनी एक वर्ष दिलं होतं. झालं तर नोकरी, नाही तर स्थळ बघणार. एका वर्षात मी मुळं शोधत बसले असते तर आज कोणाच्या तरी घरी चूल फुंकत असते. माझ्या गावातल्या तीन पोरी आत्ता त्याच वर्षात आहेत. त्यांना मी पुस्तिकाच देणार.

धानपट्टा, सिंदेवाही

त्या तिघींना द्या. त्यांच्या हातची पुस्तिका मी काढून घेणार नाही.

पण आमच्या खोलीत चौघं सातव्या वर्षाला आहेत. दर महिन्याला नवी पुस्तिका घेतात, जुनी विसरतात. त्यांच्या पुस्तिका उद्या सकाळी कपाटात ठेवतोय आणि गुरुजींची दोन पानांची वही समोर ठेवतोय. पहिली बातमी हमीभावाची.