निवृत्त मुष्टियुद्ध विजेत्याच्या पबमध्ये जाताना काय बोलावे?

प्रश्न
नमस्कार. मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. येत्या शुक्रवारी रात्री आम्ही ज्या पबमध्ये जाणार आहोत, तो चालवणारे गृहस्थ एकेकाळी मुष्टियुद्धातील ब्रिटिश विजेते होते. त्यांच्याशी बोलण्याची फार इच्छा आहे, पण आगंतुकपणा वाटू नये. सुरुवात कशी करावी? आणि हे खेळाडू पबच्याच धंद्यात का येतात?

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षे जुने आहे. हातमोज्यांशिवाय लढण्याच्या काळात लढती ठरत त्या पबमध्ये आणि पैजेची रक्कमही अनेकदा तिथेच जमा होई, त्यामुळे निवृत्त मल्लाला गल्ल्यामागची जागा परकी नव्हती. १८१० आणि १८११ मध्ये टॉम मॉलिनो या कृष्णवर्णीय अमेरिकी मल्लाला हरवणाऱ्या टॉम क्रिबने पुढे लंडनच्या पँटन स्ट्रीटवर पब चालवला. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. अर्थात, नावामुळे गिऱ्हाईक एकदा येते, हिशेब मात्र रोज जुळवावा लागतो. १९५१ मध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवून अवघे ६४ दिवस जगज्जेता राहिलेल्या रँडॉल्फ टर्पिनने वेल्समध्ये हॉटेल घेतले होते, तरी त्याचे दिवाळे निघालेच.

प्रतिसाद २
शुक्रवारची रात्र टाळा. मी नेमका त्याच वेळी अशा एका माजी विजेत्याकडे गेलो आणि मुठी आवळून फोटोची मागणी केली. त्यांनी फोटो काढू दिला, पण त्यांची नजर माझ्यामागे खोळंबलेल्या गिऱ्हाइकांवर होती. पुढे एका मंगळवारी दुपारी गेलो, माझी बिअर मागवताना “एक तुमच्यासाठीही” म्हणालो (तिथे मालकाला असे विचारण्याची रीत आहे), आणि सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण, एवढेच विचारले. त्यांनी ग्लास पुसता पुसता उजव्या हाताचे बसके, एका बाजूला सरकलेले सांधे दाखवले आणि त्याच हाताने लढलेल्या पुढच्या फेऱ्यांपेक्षा लढतीआधी वजनगटाच्या मर्यादेसाठी होणाऱ्या वजन-तपासणीच्या आदल्या दोन दिवसांबद्दलच अधिक सांगितले, कारण त्या दिवसांत त्यांना चूळ भरूनही पाणी थुंकावे लागत असे. प्रतिस्पर्ध्याचे कौतुक तर त्यांनी स्वतःहून केले. स्वतःच्या विजयाबद्दल मात्र “विजेतेपदाचा पट्टा वर टांगला आहे, बघा” इतकेच.

प्रतिसाद ३
वरील सल्ल्यात एक भर घालतो. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांचा मेंदूवर होणारा परिणाम हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच नोंदवला होता. म्हणून एखादा प्रसंग त्यांनी दुसऱ्यांदा सांगितला किंवा साल चुकले, तर भ्रमणध्वनीवर शोधून दुरुस्ती करू नये. आणि ते हरलेल्या लढतीची चित्रफीत त्यांना दाखवू नये. हा उद्योग करणारे लोक खरोखर असतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. शुक्रवारचा बेत रद्द करून मंगळवारी दुपारी जायचे ठरवले आहे. कॅमेरा घरीच ठेवतो.