आयब्युप्रोफेनचे आर आणि एस पीक सुटे होत नाहीत

क्यूसी_तळोजा: ४०० मिग्रॅच्या गोळीतलं रेसेमिक आयब्युप्रोफेन आहे, म्हणजे आर आणि एस ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली दोन रूपं निम्मी-निम्मी. ती एचपीएलसीवर (द्रवाच्या प्रवाहाने कॉलममध्ये घटक वेगळे करणारं यंत्र) सुटी करायची आहेत. कॉलम कायरलपॅक एडी-एच, २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) हेक्झेन–आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ९०:१०, फ्लो १ मिली/मिनिट, २५ अंश, २२० नॅनोमीटर. सॅम्पल इथेनॉलमध्ये १ मिग्रॅ/मिली, इंजेक्शन २० मायक्रोलिटर. एकच रुंद पीक येतो, टेलिंग (पीकची लांबलेली शेपटी) भरपूर, टोकावर जेमतेम खाच. कॉलम गेला का?

बेसलाइन: कॉलमला इतक्यात दोष देऊ नका, मोबाइल फेजमध्ये ॲसिडच नाही. आयब्युप्रोफेनचा कार्बोक्सिल गट सिलिकाच्या जागांना चिकटतो, म्हणून टेलिंग. ०.१% टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड) हवंच. शिवाय १०% आयपीए फार झालं. ज्या हायड्रोजन बंधांवर आर-एसचा फरक ठरतो, त्याच जागा आयपीए अडवून बसतं. ९९:१:०.१ ने सुरुवात करा: हेक्झेन ९९० मिली, आयपीए १०, टीएफए १, प्रत्येक वेगळं मोजून एकाच बाटलीत. १% आयपीए पंपाला मिसळायला लावू नका, तिथली किरकोळ चूकही रिटेन्शन टाइम (पीक यायला लागणारा वेळ) हलवते. व्हॅक्यूम लावून डिगॅस कराल (विरघळलेली हवा काढाल) तर हेक्झेन उडून प्रमाण बिघडेल. ॲसिड कॉलममध्ये मुरायला वेळ लागतो. लागोपाठच्या इंजेक्शनांचे टाइम जुळल्याशिवाय निकाल धरू नका.

कायरल_काका: वरच्याशी सहमत, पण सॅम्पलही बदला. १% आयपीएच्या फेजमध्ये २० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल सोडलं की पीक कॉलमच्या तोंडाशीच पसरतो. ५० मिग्रॅ आयब्युप्रोफेनइतकी गोळीची पूड १० मिली आयपीएमध्ये १५ मिनिटं सोनिकेट करा, ०.४५ मायक्रॉन पीटीएफई फिल्टरमधून गाळा, त्यातलं १ मिली मोबाइल फेजने २० मिली करा. ०.२५ मिग्रॅ/मिली होतं. इंजेक्शन १० मायक्रोलिटर पुरे.

क्यूसी_तळोजा: धन्यवाद. सिस्टिम आधी ॲसिटोनायट्रिल–फॉस्फेट बफरवर होती. थेट हेक्झेन लावलं तर?

बेसलाइन: मुळीच नको! कॉलम काढून ठेवा. आधी पाणी, मग आयपीए ०.५ मिली/मिनिटने, लूप आणि नीडल वॉशसुद्धा. बफर राहिला तर आयपीएमध्ये मीठ बसतं, पाणी राहिलं तर ते हेक्झेनमध्ये मिसळत नाही. आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), ॲसिटोन, डायक्लोरोमिथेन या कॉलमवर कधीच नाही, सॅम्पलमधूनसुद्धा नाही. एडी-एचमधलं अमायलोज सिलिकावर नुसतं लेपलेलं असतं, ते सुटून येतं. ठेवताना ॲसिड धुऊन हेक्झेन–आयपीए ९०:१० मध्ये ठेवा.

कायरल_काका: पीक सुटले की शुद्ध एस-स्टँडर्ड टोचून कोणता कुठला ते ठरवा. क्रम गृहीत धरू नका, कॉलम बदलला की तो उलटू शकतो. रेसेमिकमध्ये दोघांचं क्षेत्रफळ ५०:५० आलंच पाहिजे, कारण दोघांचं यूव्ही शोषण सारखंच. तसं आलं नाही तर इंटिग्रेशन (पीकच्या क्षेत्रफळाची मोजणी) तपासा किंवा खाली दुसरं काही दडलंय का पाहा. रिझोल्यूशन (दोन पीक किती सुटे आहेत याचं माप) १.५ च्या खाली असेल तर तापमान २५ वरून १५ वर आणून बघा, बहुधा फरक वाढतो. पुढे डेक्सआयब्युप्रोफेनमधला (फक्त एस रूपाचं औषध) थोडासा आर मोजायचा असेल, तर आर आधी येईल अशीच पद्धत निवडा. मोठ्या एसच्या शेपटीत सापडलेला छोटा पीक नीट इंटिग्रेट होत नाही.