मदत हवी आहे: मास्क्ड बूबीच्या पिसांत चपट्या माश्या, उलटीत जंत

काल संध्याकाळी देवगडजवळ किनाऱ्यावर एक मास्क्ड बूबी पडलेला सापडला. पावसाळी वाऱ्यात खोल समुद्रातले असे पक्षी कोकणात भरकटत येतात. जखम कुठे दिसत नाही, पण छातीचं हाड हाताला टोचतंय, इतका वाळलाय. वनखात्याला कळवलंय, पण वाटेत झाड पडल्याने ते दुपारनंतरच पोचतील. तोवर पक्षी पडवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलाय.

काळजी दोन गोष्टींची आहे. पंख जरा उचलला तर आतून तपकिरी, चपट्या माश्या निघाल्या. चिमटीत दाबल्या तरी चिरडत नाहीत, खेकड्यासारख्या आडव्या पळतात. एक माझ्या केसांतच शिरली. त्याच्या मानेवर, जिथे त्याची चोच पोचत नाही तिथे, बारीक उवाही आहेत. आणि सकाळी त्याला उलटी झाली, त्यात पांढरे जंत वळवळत होते.

शेजारचे काका म्हणतात, कुत्र्याची गोचिडाची पावडर मारा आणि चावू नये म्हणून चोचीला रबर लावा. मला धीर होत नाही. घरात लहान मूल आहे, कोंबड्या आहेत. या माश्या, उवा आम्हाला लागतील का? जंताचं औषध द्यावं का? आणि हे जंत माशांतून येत असतील तर आमच्या खाण्यातल्या बांगड्याचं काय? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:

आधी रबराचं. अजिबात लावू नका! बूबीला बाहेरून उघड्या नाकपुड्या नसतात, तो तोंडावाटेच श्वास घेतो. चोच बांधलीत तर गुदमरेल. हाताळायची वेळ आलीच तर अंगावर टॉवेल टाका आणि डोकं मागून धरा. डोळे सांभाळा, चोच थेट डोळ्यांवर येते.

पावडरही नको. पिसं साफ करताना ती त्याच्या पोटात जाईल. त्या माश्या रक्त पितात. त्यांची एक जात फ्रिगेट नावाच्या समुद्री पक्ष्यांत हिमोप्रोटिअस हा रक्तातला परजीवी पसरवते. माणसाला एखादी चावेलही, पण ती तुमच्या अंगावर वस्ती करणार नाही. पक्ष्याच्या उवा तर माणसावर जगतच नाहीत. धडधाकट पक्ष्याच्या अंगावरही थोड्या असतात, तो आजारी पडून पिसं साफ करेनासा झाला की वाढतात.

जंत बहुधा कॉन्ट्रासीकम गटातले असावेत. अळी माशात असते, माशातून पक्ष्याच्या जठरात जाते आणि तिथे मोठी होते. बांगडा आतडी काढून, नीट शिजवून खा, भीती नाही. जंताचं औषध मात्र आता देऊ नका, उपाशी शरीराला ते पेलत नाही. आधी ऊब, मग डॉक्टरांच्या हातून पाणी, सलाइन, मग मासे, आणि तब्येत सावरल्यावर औषध. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

खरी काळजी बर्ड फ्लूची घ्या. कोंबड्या आणि मूल लांब ठेवा. हातमोजे, मास्क घाला, विष्ठा उघड्या हातांनी उचलू नका.

खोक्यात माश्या सापडल्या तर स्पिरिटच्या बाटलीत टाका, चिठ्ठीवर पक्ष्याचं नाव, तारीख, जागा लिहा आणि बाटली वनखात्याच्या माणसांसोबत डॉक्टरांकडे पाठवा.