टू-इन-वन लॅपटॉप (टॅबलेटसारखाही वापरता येणारा) घ्यायचाय, पेनाने गणितं लिहायला. बजेट ६५ हजार

गणितवाली ताई:
नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. घरी नववी-दहावीचे क्लास घेते, निम्मी पोरं ऑनलाइन असतात. आत्तापर्यंत डब्यांच्या चळतीवर मोबाईल आडवा टाकून खाली वहीत लिहून दाखवायचे, पण परवा भर प्रमेयात मोबाईल वहीवर कोसळला आणि पोरं खो खो हसली, तेव्हा ठरवलं आता बास. एक कीबोर्ड निघणारा बघितला, एक पूर्ण उलटा फिरणारा. कुठला घेऊ? आणि दुकानदार म्हणतो घरी नेल्यावर आधी ८ तास चार्जिंगला लावायचा, मगच चालू करायचा. खरंय का हे?

बोरिवलीकर:
ताई, फिरणारा घ्या. लेनोवोचे योगा, एचपीचे एक्स ३६० वगैरे. कीबोर्ड निघणारा हातात हलका लागतो हे खरं, पण सरफेस प्रोसारख्यात कीबोर्ड आणि पेन बहुतेक वेळा वेगळे विकत घ्यावे लागतात, म्हणजे किंमत बघून खूश व्हायचं आणि बिल बघून खाली बसायचं. फिरणारा दीड किलोच्या आसपास असतो, हातात धरून अर्धा तास लिहाल तर मनगट बोंबलेल, पण तुम्ही टेबलावर ठेवूनच लिहिणार ना? मग काय प्रश्नच नाही. रॅम १६ जीबीच घ्या, यात बहुतेकदा बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.
पेन मात्र दुकानातच लिहून बघा. तळहात स्क्रीनवर टेकवायचा आणि एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढायची. भरभर लिहिलं की सगळेच पेन छान वाटतात, सावकाश ओढली की काहींची रेघ सापासारखी वळवळते. तुम्हाला त्रिकोण काढायचेत. आणि कुठलाही पेन कुठल्याही स्क्रीनवर चालत नाही हां, त्याच मॉडेलला चालणारा आहे का ते विचारूनच घ्या.

करंट मारणारा:
८ तासवालं प्रकरण निकेल कॅडमियम बॅटरीच्या काळातलं आहे, बॅटरी गेली पण सल्ला काही जात नाही. आता सगळ्या लिथियम, खोक्यातून अर्धवट भरलेलीच येते, चार्जर लावा आणि लगेच वापरा. पूर्ण संपवून मग चार्ज करायचीही गरज नाही. क्लासला दिवसभर पिन लावूनच ठेवणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग असते ती चालू करा, कारण शंभरावर तासन्‌तास आणि वर गरम, यानेच ती लवकर म्हातारी होते.
चार्जर सोबतचाच वापरा. सी टाइप आहे म्हणून घरातले लोक फोनचा लावतात. फोनच्या चार्जरवर ६७ वॅट, ८० वॅट छापलेलं असतं पण ते बऱ्याचदा त्याच कंपनीच्या फोनपुरतं, लॅपटॉपला त्यातलं थोडंच मिळतं आणि मग 'स्लो चार्जर' असा मेसेज येतो. केबलचंही तेच, साधी सी टू सी ६० वॅटपर्यंतच नेते.

एकदा फसलेला:
माझं ऐका, काउंटरवरच खोकं उघडायला लावा. मला एका दुकानाने 'नवीन' म्हणून डेमो पीस चिकटवला होता आणि घरी येऊन कळलं. कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट सलग टाइप करा, एक फाईल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरीची मूळ ठरलेली क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ता प्रत्यक्ष भरते ती) जवळपास सारखी पाहिजे, सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा वापरून भरली तो आकडा, शून्य-एक-दोन. माझ्यात ४१ होता!! दुकानदार म्हणे कंपनीत टेस्टिंग होतं साहेब. ४१ वेळा?
बाकी सिरीयल नंबर खोक्यावरचा, बुडावरचा आणि बिलावरचा एकच आहे ना बघा, बिजागरी चार-पाचदा पूर्ण फिरवा, कुरकुरली तर नको म्हणा, घरी अंधारात पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा फोटो लावून ठिपके शोधा. ५१२ जीबी घेतलात तर आत ४७६ च दिसेल, ती फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. आणि जाताना मोबाईलला नेट ठेवा, विंडोज ११ होम सुरू करतानाच नेट आणि अकाउंट मागतं.

गणितवाली ताई:
आणला!! फिरणाराच, पेनासकट ६३ ला बसला. रिपोर्ट काउंटरवरच काढला, दुकानातला पोरगा बघतच राहिला, मलाच विचारतो मॅडम हे कसं केलं. सायकल काउंट १, फुल चार्ज तर डिझाइनपेक्षा थोडी जास्तच दाखवतेय. दुकानातल्या पेनाने ओढलेली तिरकी रेघ एकदम सरळ. काळ्या स्क्रीनला डाव्या कोपऱ्यात किंचित उजेड दिसतो, चालेल ना?

एकदा फसलेला:
अंधारातच दिसत असेल तर सोडून द्या, एवढं बऱ्याच स्क्रीनना असतं.

गणितवाली ताई:
ओके. आता एकच घोळ, पेनाला चार एवाली (एएएए) बारीक बॅटरी लागते, खोक्यात आलेली नव्हती. तीन दुकानं फिरले, सगळे तीन एवालीच काढून देतात आणि वर म्हणतात चार ए असं काही नसतंच. शेवटी ऑनलाइन मागवली, गुरुवारी येईल. तोपर्यंत डब्यांची चळत परत लावलीय, यावेळी खाली मोठा डबा ठेवलाय.